वरची चौसष्ट

साक्षीदार क्रमांक तीन, हुद्दा मत्स्यक्षेत्रिक,
शपथेवर सांगतो की
त्या दिवशी मी एकच वाटी मोजली.

तीनशे बारा.
बोटाएवढी, म्हणून बोटुकली म्हणायचं,
बाकी कुठल्याच बोटावर ती थांबत नाहीत.
पुढे वाट्या मोजायच्या, मासे नाही.
एकशे अठ्ठावीस वाट्या.
गुणाकार एकोणचाळीस हजार नऊशे छत्तीस,
आणि पावतीवर चाळीस हजार,
कारण कार्यालयातल्या टिपणीसबाईंना
आकड्याची शेपटी लोंबत राहिलेली आवडत नाही.

हीच ती वरची चौसष्ट.
जन्मली नाहीत, पिशवीत भरली नाहीत,
कापूरबावडीच्या सिग्नलला टेम्पोत घुसमटली नाहीत.
दर नगाला दीड रुपयाप्रमाणे
शहाण्णव रुपये तेवढे खर्ची पडले.
वादीचे वकील तीन वर्षं
त्यांचीच शेपटी धरून बसलेत.

तारीख विचारलीत, तर एकतीस मार्च.
पाणी निवल्यावर मासे सोडतात
हे माझा चौथीतला पोरगाही सांगेल.
पण निधीला पाणी लागत नाही, साहेब,
त्याला तारीख लागते.
रात्री बारानंतर तो पैसा
प्रवाहाविरुद्ध पोहत परत जातो.

वाघळी तलावात दुपारी तीनला हात घातला,
आंघोळीच्या पाण्याइतका कढत.
पिशव्या अर्धा तास तरंगत ठेवायच्या असतात,
ठेवल्या सात मिनिटं, फोटोपुरत्या.
सकाळी काठाला रुपेरी फेस लागला होता.
पालिकेच्या माणसानं झाडून नेला.
पंचनाम्यात लिहिलंय, पालापाचोळा.

जगला तो गवत्या.
गवत्या मासा नावाला जागतो.
दोन वर्षांत त्यानं तळं तुळतुळीत केलं,
शेवाळ, पानवेल, कमळाचे देठ, सगळं.
समोरच्या टॉवरच्या जाहिरातीत निळं पाणी दिसतं
ते त्याच्याच पोटातून आलंय.
पालिका म्हणते, श्रेय आमचं, खर्च खात्याचा.
खातं म्हणतं, मासे आमचे, खर्च पालिकेचा.
मच्छीमार संस्था म्हणते, ठेका आमचा,
पण मासे दाखवा.

आणि इंदुबाई मढवी, मूळ वादी,
एका तारखेला वकिलाला कोपरानं सारून उभ्या राहिल्या.
"तुमची मोजा नायतर नका मोजू.
आमची मरल पानवेलीन घरटा करं.
पयला तिचा हिशेब द्या."
लघुलेखकानं मान वर न करता विचारलं,
मरल हे नाव की आडनाव?

मरळीसाठी कुठल्याच खात्यात लेखाशीर्ष नाही.
जी कुणी सोडलीच नाही
तिची पावती कोण फाडणार.

एवढं मी लिहून दिलंय.
एक दिलेलं नाही.

परवा घरी जाताना
विसर्जन घाटाच्या मागं, जिथं नाला मिळतो,
कुणीतरी फेकलेल्या काथ्याच्या सडक्या पायपुसण्याखाली
एक लालसर ढग हलताना दिसला.
पिल्लं.
खाली काळी पाठ, एका जागी,
फक्त कल्ले उघडझाप करत.
मरळ अशीच राखण करते.

सांगितलं, तर सरकारी वकील म्हणणार
हानी झालीच नाही, दावा फेटाळा.
नाही सांगितलं, तर शपथ माझी.
इंदुबाईंच्या कानावर घालावं,
तर त्या आधी तोंडभर हसतील
आणि मग त्यांनाही माझ्यासारखं
कोर्टात गप्प बसावं लागेल.

पुढची तारीख सतरा ऑगस्ट.

सवयीनं वही उघडली होती मी तिथं.
वाटी नव्हती जवळ.
वर कुणाच्या तरी बाल्कनीतून प्रेशर कुकरची शिट्टी झाली,
ढग फुटला, परत जुळला.
टोपण काढलेलं पेन हातात धरून
मी उकिडवा बसलो होतो,
पायाला मुंग्या आल्या
तरी.